काळ्या रंगाचे निदान : दातांचे पुनर्भरण आणि नखांवरील रंगछटा यांचा तौलनिक विचार

बीजसंज्ञा : दंतक्षय, दंतपुनर्भरण, चांदीचे भरण, नखावरील काळी रेघ, मेलॅनिन, मेलॅनोमा

प्रस्तावना

निवडणुकीच्या कामावर नियुक्ती झालेल्या प्राध्यापकवर्गाला मतदाराच्या डाव्या तर्जनीवर लावली जाणारी शाई चांगलीच परिचयाची असते. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असलेली आणि म्हैसूर येथे तयार होणारी ही शाई म्हणजे मुख्यतः सिल्व्हर नायट्रेट या चांदीच्या क्षाराचे द्रावण होय. प्रकाशाच्या सान्निध्यात त्यातील चांदी काळी पडते आणि त्वचेला व नखाला घट्ट धरून राहते. त्वचेवरील खूण काही आठवड्यांत निघून जाते, कारण त्वचेचा वरचा थर सतत गळत असतो. नखावरील खूण मात्र जात नाही. ती नखाबरोबर पुढे सरकत राहते आणि काही महिन्यांनी नखाच्या टोकाशी येऊन कापली जाते. ज्यांनी ही खूण कधी लक्षपूर्वक पाहिली असेल, त्यांनी नखविकारांच्या निदानातील एक मूलभूत तत्त्व नकळत पाहिलेले आहे. त्याचा उलगडा पुढे केला आहे.

याच चांदीची दुसरी भेट दंतवैद्याच्या खुर्चीत होते. ‘दातात चांदी भरली’ असे आपल्याकडे सर्रास म्हटले जाते. ती चांदी म्हणजे चांदी, कथील, तांबे व पारा यांचा मिश्रधातू असतो आणि त्याचा जवळजवळ निम्मा भाग पारा असतो. असे भरण कालांतराने काळसर पडते, शेजारच्या दाताचा रंग बदलते आणि कधीकधी हिरडीवरही काळा डाग सोडते.

दात आणि नख हे शरीराचे दोन्ही कठीण व उघडे भाग आहेत. त्यांवरील काळेपणा रुग्णाला आरशात सहज दिसतो आणि त्याची चिंता वाढवतो. प्रस्तुत लेखात या काळेपणाचा अर्थ लावण्याची वैद्यकीय रीत दोन्ही ठिकाणी कशी विकसित झाली, याचा विचार केला आहे. हे दोन विषय एकत्र घेण्याचे कारण असे की, त्यांतील चुकीची दिशा परस्परविरुद्ध आहे. दाताच्या बाबतीत काळा रंग दिसताच घाईने कोरण्याची चूक अनेक दशके होत आली, तर नखाच्या बाबतीत काळा रंग दिसूनही थांबून राहण्याची चूक होते. पहिल्या चुकीत दात जातो, दुसऱ्या चुकीत बोट जाते आणि काही वेळा प्राणही जातो.

दातांवरील काळेपणा : एका जुन्या नियमाची फेरतपासणी

दंतपुनर्भरणाला शास्त्रीय शिस्त लावण्याचे श्रेय अमेरिकन दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांना दिले जाते. १९०८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथाने पुढील अर्धशतकाहून अधिक काळ जगभरच्या दंतमहाविद्यालयांतील अध्यापनावर प्रभाव गाजवला. कीड लागलेला भाग पूर्ण काढावा, आणि भविष्यात कीड लागण्याची शक्यता असलेल्या लगतच्या खाचाही प्रतिबंध म्हणून भरणात समाविष्ट कराव्यात, असा त्यांचा आग्रह होता. त्या काळाचा विचार करता हा आग्रह गैर नव्हता. फ्लोराइडयुक्त टूथपेस्ट त्या वेळी उपलब्ध नव्हती. शिवाय चांदीचे भरण दाताला चिकटत नाही. ते आत अडकून राहावे यासाठी खड्डा विशिष्ट आकाराचा, तळाशी रुंद आणि पुरेसा खोल करावाच लागे, आणि त्यापायी निरोगी दाताचा बराच भाग खर्ची पडे.

या पद्धतीत ‘कीड पूर्ण काढली’ हे ठरवायचे कसे, हा प्रश्न उरतोच. व्यवहारात त्याचे उत्तर बहुधा डोळ्यांनी दिले जाई. तपकिरी-काळा भाग दिसतो तोवर कोरावे आणि पांढरा, स्वच्छ दात लागला की थांबावे, ही रीत शिकवायला सोपी होती. परंतु ती दंतक्षयाच्या स्वरूपाशी जुळणारी नव्हती.

दंतक्षय ही सतत चालू असणारी प्रक्रिया आहे. दातावरील जिवाणूंचा थर साखरेपासून आम्ल तयार करतो, त्या आम्लाने दातातील खनिजे विरघळतात आणि लाळेतील खनिजे ती झीज काही अंशी भरून काढतात. हा जमाखर्च तोट्यात गेला की खड्डा पडतो. मात्र तो पुन्हा सावरूही शकतो. जिवाणूंचा थर नियमित निघू लागला किंवा अन्नाचा पुरवठा तुटला, तर चालू असलेली कीड थांबते. अशा थांबलेल्या किडीचा पृष्ठभाग कठीण, चकचकीत आणि गडद तपकिरी किंवा काळा असतो. याउलट वेगाने पसरणारी कीड अनेकदा फिकट पिवळसर, ओलसर आणि मऊ असते. म्हणजे रंगाच्या आधारे कोरणारा वैद्य शांत झालेल्या जागी अधिक कोरण्याची आणि चालू असलेल्या जागी कमी कोरण्याची शक्यता असते. ज्या खुणेवर एवढी भिस्त ठेवली गेली, ती उलट दिशेने बोट दाखवत होती, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

१९७० च्या दशकात जपानी संशोधक फुसायामा यांनी किडलेल्या दंतिनाचे (एनॅमलच्या आतील थराचे) दोन भाग असल्याचे दाखवले. बाहेरचा भाग जिवाणूंनी ग्रासलेला व पुन्हा सुधारू न शकणारा असतो, तर आतला केवळ मऊ झालेला आणि सुधारण्याजोगा असतो. हे दोन भाग ओळखण्यासाठी त्यांनी रंगद्रव्याचा वापर सुचवला. रंगावर विसंबण्याची सवय अशी की, नैसर्गिक रंग फसवा ठरल्यावर कृत्रिम रंगाचा आधार शोधला गेला. पुढे असे दिसून आले की, हे रंगद्रव्य दाताच्या मगजाजवळील निरोगी पण कमी खनिजांच्या दंतिनालाही रंगवते. त्यामुळे त्याच्या भरवशावर कोरत गेल्यास मगज उघडा पडण्याचा धोका राहतो. आज भर दिला जातो तो स्पर्शावर. २०१६ मध्ये दंतक्षयतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने प्रसिद्ध केलेल्या एकमताच्या शिफारशींत दंतिनाचा कठीणपणा हाच निकष मानला आहे. खड्ड्याच्या कडा कठीण व स्वच्छ असाव्यात, म्हणजे भरण घट्ट बसेल. खोल खड्ड्यात मगजालगतचा भाग मात्र मऊ असला तरी तो तसाच ठेवून वरून भरण करावे, असे त्या सांगतात.

किडीचा अंश आत ठेवून दात बंद करणे ही कल्पना जुन्या पिढीतील अनेकांना आजही रुचत नाही. तथापि तिला पुरावा आहे. १९९८ मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाचे दहा वर्षांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात कीड न काढता तिच्यावर चिकटणारे संमिश्र भरण, म्हणजे कंपोझिट, घट्ट बसवण्यात आले होते. भरणाची सील शाबूत राहिलेल्या दातांत कीड पुढे सरकली नाही. जिवाणूंचे अन्न तुटले की त्यांचे कार्यही मंदावते, एवढाच त्याचा अर्थ आहे.

चिकटणाऱ्या भरणांनी हे शक्य केले. १९५५ मध्ये बुओनोकोर यांनी आम्लाने एनॅमलचा पृष्ठभाग खरबरीत केल्यास त्यावर राळेसारखा पदार्थ पक्का चिकटतो, असे दाखवले. त्यानंतरच्या दशकात बोवेन यांच्या संशोधनातून आजच्या कंपोझिटचा पाया घातला गेला आणि १९७० च्या दशकाच्या प्रारंभी विल्सन व केंट यांनी ग्लास आयोनोमर सिमेंट पुढे आणले. हे सिमेंट दाताशी रासायनिक बंध करते आणि थोडे थोडे फ्लोराइड सोडते. भरणासाठी खड्डा कोरण्याऐवजी खड्ड्यापुरते भरण करणे त्यामुळे शक्य झाले.

याच सिमेंटच्या आधारे १९८० च्या दशकात टांझानियात वीज व यंत्राविना दात भरण्याची पद्धत विकसित झाली. तीत केवळ हातातील छोट्या चमच्यासारख्या उपकरणाने मऊ भाग खरवडून काढला जातो. येथे निकष आपोआप बदलतो, कारण हाताच्या उपकरणाने कठीण काळा भाग निघतच नाही. यंत्राचा अभाव ही या पद्धतीची उणीव मानली गेली होती, परंतु दाताच्या दृष्टीने तोच तिचा गुण ठरला. खेड्यांतील आरोग्य शिबिरे व आश्रमशाळा यांचा विचार करता ही पद्धत आपल्याकडे याहून अधिक रुजायला हवी होती.

जुन्या भरणाच्या कडेचा काळा डाग

रंगाने होणारी फसगत सर्वाधिक महाग पडते ती जुन्या भरणांच्या बाबतीत. चांदीच्या भरणातील धातूंचे संयुग हळूहळू शेजारच्या दंतिनात उतरते आणि भरणाभोवती निळसर-काळी छटा दिसू लागते. कंपोझिटच्या कडेलाही चहा, तंबाखू यांची तपकिरी रेघ बसते. दोन्ही खुणा भरणाखाली पुन्हा कीड लागल्यासारख्या दिसतात. इंग्लंडमध्ये एडविना किड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात अशा दातांतील जिवाणूंची तपासणी केली. चांदीच्या भरणाशेजारील रंगबदल आणि खालील दंतिनातील संसर्ग यांत विश्वासार्ह संबंध आढळला नाही. संबंध आढळला तो कडेची फट बरीच रुंद असल्यास किंवा तेथे उघड खड्डा पडलेला असल्यास.

असे असूनही काळी कडा पाहून भरण बदलण्याची प्रथा सुटलेली नाही. प्रत्येक वेळी भरण बदलताना दाताचा थोडा निरोगी भाग जातो आणि खड्डा मोठा होतो. दुसरे भरण पहिल्याहून मोठे, तिसरे त्याहून मोठे, मग मगजावरील उपचार, त्यावर कॅप आणि अखेर दात काढणे, अशी ही उतरती पायरी आहे. विशीत भरलेल्या एका लहानशा खड्ड्याचा पन्नाशीत दात गमावण्यात शेवट होतो आणि त्यातील एखाद-दुसरी पायरी केवळ रंग पाहून चढलेली असते. सदोष कडेची तेवढीच दुरुस्ती करणे किंवा ती घासून गुळगुळीत करणे हे पर्याय आता पाठ्यपुस्तकांत आले आहेत. मात्र शुल्काची रचना पूर्ण भरणाला अनुकूल असते, हेही नमूद केले पाहिजे.

काळा रंग हे दातावर यशाचेही चिन्ह असू शकते. सिल्व्हर डायअमाइन फ्लोराइड हे द्रावण जपानमध्ये १९७० च्या सुमारासच वापरात आले. अमेरिकेत त्याला २०१४ मध्ये परवानगी मिळाली आणि २०२१ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत त्याचा समावेश केला. किडीवर थेंबभर लावले की त्यातील चांदी जिवाणूंना मारते, फ्लोराइड खनिजे परत बसवण्यास साहाय्य करते आणि कीड थांबते. थांबलेली जागा कोळशासारखी काळी पडते. मतदाराच्या बोटावरील शाईत जी क्रिया होते, तीच येथे दातावर होते. ना इंजेक्शन, ना कोरणे, आणि खर्चही अल्प. तरीही मुलाचा पुढचा दात काळा झालेला पाहून पालक नाराज होतात आणि उपचारच चुकला असे समजतात. म्हणून या द्रावणाचा वापर करण्यापूर्वी रंगाची पूर्वकल्पना देऊन संमती घेणे आवश्यक मानले जाते.

महाराष्ट्रात दातांच्या काळेपणाची आणखी काही कारणे ध्यानात घ्यावी लागतात. भाजलेल्या तंबाखूची मिश्री दातांना लावण्याची सवय विशेषतः ग्रामीण स्त्रियांत आढळते. तिच्यामुळे दात काळे पडतात आणि हिरड्याही बाधित होतात. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील काही गावांत पिण्याच्या पाण्यातील अधिक फ्लोराइडमुळे दातांवर तपकिरी पट्टे उमटतात. हे पट्टे किडीचे नव्हेत आणि ते कोरून भरणे हा त्यांवरील उपाय नव्हे.

हिरडीवरील डाग : दोन विषयांमधील दुवा

चांदीचे भरण घालताना किंवा काढताना त्याचे सूक्ष्म कण हिरडीत रुतले, तर तेथे राखाडी-काळा डाग कायमचा राहतो. गोंदणासारखाच हा प्रकार असून तो पूर्णतः निरुपद्रवी असतो. क्ष-किरण चित्रात धातूचे कण दिसले तर निदान पक्के होते. पण कण फार सूक्ष्म असल्यास ते चित्रात उमटत नाहीत.

अडचण अशी की, तोंडाच्या आतील त्वचेवरही क्वचित मेलॅनोमा हा कर्करोग होतो आणि तो बहुधा टाळूवर किंवा वरच्या हिरडीवर आढळतो. भारतीयांच्या हिरड्यांवर मेलॅनिनमुळे नैसर्गिक काळसर झाक असणे अगदी सामान्य आहे. ती बहुधा दोन्ही बाजूंना सारखी आणि वर्षानुवर्षे तशीच असते. तेव्हा एकाच ठिकाणचा, नव्याने उमटलेला, शेजारी चांदीचे भरण नसलेला आणि वाढणारा डाग असेल, तर त्याचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली तपासणेच योग्य ठरते. चांदीच्या भरणाचा वापर आता कमी होत चालला आहे. पाऱ्याच्या नियंत्रणासाठी २०१३ मध्ये मिनामाता करार झाला आणि युरोपीय संघाने १ जानेवारी २०२५ पासून त्याचा वापर अपवाद वगळता थांबवला. परिणामी पुढील काळात हिरडीवरील डागाचे ‘चांदीचा असेल’ हे सोपे स्पष्टीकरण अधिकाधिक जपून द्यावे लागेल.

काही विकार तोंड व नख या दोन्ही ठिकाणी एकाच वेळी रंग उमटवतात. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये वर्णिलेल्या अधिवृक्क ग्रंथींच्या विकारात हिरड्या, तळहातांच्या रेषा आणि नखे काळवंडतात. या ग्रंथी क्षयरोगाने नष्ट होणे हे त्याचे एक जुने आणि भारतात आजही विसरू नये असे कारण आहे. लॉजिए-हुंझिकर या विकारात ओठांवर, गालांच्या आतून आणि नखांवर काळसर छटा येते, पण शरीराला अन्य कोणताही अपाय होत नाही. ओठांवर तसेच ठिपके असलेल्या दुसऱ्या एका आनुवंशिक विकारात, पॉइट्झ-येगर्स लक्षणसमूहात, मात्र आतड्यात गाठी असतात आणि कर्करोगाचा धोका वाढलेला असतो. दंतवैद्याने अशा रुग्णाचे हात पाहणे आणि त्वचारोगतज्ज्ञाने तोंड उघडायला सांगणे, एवढ्या साध्या कृतीने ही निदाने हाती लागतात.

नखावरील काळी रेघ

नखाची पट्टी ही मृत केराटिनची असते. ती तयार होते नखाच्या मुळाशी, कातडीच्या घडीखाली दडलेल्या जिवंत ऊतकात. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर आणि पायाचे सुमारे एक मिलिमीटर वाढते. म्हणून हाताचे नख पूर्ण बदलायला सहा महिने लागतात, तर पायाच्या अंगठ्याचे नख बदलायला एक ते दीड वर्ष लागते. मुळाशी मेलॅनिन तयार करणाऱ्या पेशी असतात, परंतु त्यांतील बहुसंख्य सुप्त असतात. त्या जाग्या झाल्या किंवा त्यांची संख्या वाढली की वाढत्या नखात सतत रंग मिसळत जातो आणि मुळापासून टोकापर्यंत उभी रेघ उमटते. कापडाच्या मागावर एक रंगीत धागा सुटला की पुढे विणल्या जाणाऱ्या सगळ्या कापडात तो दिसत राहतो, तसाच हा प्रकार असतो.

येथे मतदानाच्या शाईकडे परत यावे लागते. शाईची खूण पुढे सरकते आणि तिच्या मागे स्वच्छ नख येते, कारण तिचा उगम बाहेरचा आहे. नखाखाली साकळलेले रक्तही असेच सरकते. दारात बोट सापडल्यावर किंवा ठेच लागल्यावर आलेला काळा डाग काही आठवड्यांत मुळापासून दूर गेलेला दिसतो. मेलॅनिनची रेघ मात्र मुळाशी बांधलेली असते. ती सरकत नाही, सतत नव्याने तयार होते. त्यामुळे डागाच्या मागील कडेपाशी नखावर ब्लेडच्या टोकाने हलकी खूण करून किंवा मोजपट्टीसह छायाचित्र काढून काही आठवड्यांनी पुन्हा पाहणे, ही अत्यंत स्वस्त आणि तरीही फार उपयुक्त तपासणी आहे. मात्र एक सावधगिरी हवी. गाठीतूनही रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून रक्त आढळले की कर्करोग नाही असे समजता येत नाही. डाग पूर्णपणे पुढे निघून गेला आणि मागे काही उरले नाही, तरच प्रश्न मिटतो.

मेंदी, पोटॅशियम परमँगनेट, केसांचा कलप यांचे रंग नखाच्या वरच्या पृष्ठभागावर असतात आणि खरवडल्यास निघतात. काही बुरशींमुळे आणि जिवाणूंमुळेही नख काळे किंवा हिरवट पडते. बुरशीची रेघ पुष्कळदा टोकाकडे रुंद व मुळाकडे निमुळती असते, कारण बुरशी बहुधा बाहेरून आत शिरते. मेलॅनोमाच्या रेघेत याच्या उलट घडू शकते. मुळाशी गाठ वाढत असेल तर आज तयार होणारी रेघ चार महिन्यांपूर्वीच्या रेघेपेक्षा रुंद असते, आणि मुळाशी रुंद व टोकाशी अरुंद असा त्रिकोण दिसतो. नखाने आपल्या वाढीच्या गतीने जणू रोगाचा इतिहासच लिहून ठेवलेला असतो.

रेघ किती नखांवर आहे, हा पुढचा प्रश्न. अनेक नखांवर रेघा असतील तर कारण बहुधा शरीरव्यापी किंवा नैसर्गिक असते. सावळ्या व कृष्णवर्णीय व्यक्तींत वयाबरोबर अशा रेघा येणे सामान्य आहे. आफ्रिकी वंशाच्या लोकांत पन्नाशीपर्यंत जवळजवळ सर्वांना एखादी तरी रेघ असते, तर जपानी लोकांत हे प्रमाण दहा ते वीस टक्के सांगितले जाते आणि गौरवर्णीयांत ते एक टक्क्याच्या आसपास असते. कर्करोगावरील काही औषधे आणि एचआयव्हीवरील झिडोवुडीन यांमुळेही नखे काळवंडतात. आपल्याकडे ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता हे कारण आवर्जून शोधावे. बोटांच्या सांध्यांवरील कातडी व नखे काळी पडलेला, थकवा सांगणारा शाकाहारी रुग्ण सर्वत्र भेटतो आणि उपचारानंतर त्याचा काळेपणा हळूहळू ओसरतो.

एकाच नखावर, प्रौढ वयात, नव्याने आलेली रेघ मात्र वेगळ्या गंभीरपणे घ्यावी लागते. अंगठा, पायाचा अंगठा आणि तर्जनी येथे धोका अधिक असतो. रुंदी तीन मिलिमीटर वा अधिक, कडा अस्पष्ट, छटा असमान, नखाला चीर, आणि रंग नखाबाहेर भोवतालच्या कातडीवर पसरलेला, ही धोक्याची लक्षणे आहेत. यांतील शेवटचे लक्षण जोनाथन हचिन्सन यांच्या नावाने ओळखले जाते. त्यांनी १८८६ मध्ये या रोगाचे वर्णन केले तेव्हा त्याला एक प्रकारचे काळे नखुरडे म्हटले. हे लक्षणही फसवू शकते, कारण नखामुळाची पातळ कातडी पारदर्शक असल्याने आतील रेघ बाहेर आल्याचा भास होतो आणि सावळ्या लोकांत ही कातडी मुळातच काळसर असते.

वरील लक्षणे एकत्र करून २००० साली इंग्रजी आद्याक्षरांची एक स्मरणसूची प्रसिद्ध झाली. तीत वयाबरोबर आफ्रिकी व आशियाई वंश हाही धोक्याचा घटक धरला आहे. येथे शेकडेवारीच्या वाचनात गफलत होते. सर्व मेलॅनोमांपैकी नखाखालील मेलॅनोमाचा वाटा गौरवर्णीयांत एक ते तीन टक्क्यांच्या जवळपास, तर कृष्णवर्णीय व आशियाई लोकांत त्याच्या कितीतरी पट असतो, हे खरे आहे. पण याचे कारण असे की, उन्हाशी निगडित असे त्वचेवरील इतर मेलॅनोमा त्यांच्यात फार कमी होतात. छेद लहान झाला की अपूर्णांक मोठा दिसतो. लोकसंख्येच्या प्रमाणात पाहिल्यास नखाचा मेलॅनोमा सर्वच वंशांत जवळजवळ सारखाच दुर्मीळ आहे. तेव्हा सावळ्या व्यक्तीच्या नखावरील रेघ कर्करोगाची असण्याची शक्यता गौरवर्णीयाच्या रेघेपेक्षा कमी असते, कारण निरुपद्रवी रेघांची संख्याच तेथे प्रचंड असते. अर्थात या गर्दीतच खरी रेघ हरवते. ‘आपल्याकडे असे असतेच’ हे वाक्य शंभरांपैकी बहुतेक रुग्णांच्या बाबतीत बरोबर असते, आणि म्हणूनच उरलेल्या एखाद्याच्या बाबतीत ते घातक ठरते.

हचिन्सन यांच्या लेखाच्या शीर्षकातच असे सुचवले होते की, हा ‘काळा’ रोग पुष्कळदा काळा नसतो. नखाखालील मेलॅनोमांपैकी सुमारे पाचवा ते तिसरा हिस्सा रंगहीन असतो. लालसर मांसल गाठ, न भरणारी जखम, उचललेले किंवा फुटलेले नख एवढेच दिसते. त्याला नखुरडे, बुरशी, चामखीळ किंवा जुनी जखम समजून महिनोन्महिने मलम लावले जाते. रंगावर विसंबणारी कोणतीही सूची या रुग्णांना पकडू शकत नाही. त्यांच्यासाठी काळ हाच निकष उरतो, म्हणजे उपचार करूनही एकाच बोटाचा विकार दोन-तीन महिन्यांत बरा होत नसेल, तर निदान पुन्हा तपासावे.

‘मार लागला होता’ या समजुतीमुळे होणारा विलंब सर्वत्र आढळतो. जमैकाचे जगप्रसिद्ध गायक बॉब मार्ली यांच्या पायाच्या अंगठ्याचा विकार फुटबॉल खेळताना झालेल्या दुखापतीशी जोडला गेला होता. १९७७ मध्ये नखाखाली मेलॅनोमा असल्याचे निदान झाले. अंगठा काढून टाकण्याचा सल्ला त्यांनी स्वीकारला नाही आणि मर्यादित शस्त्रक्रिया करण्यात आली. रोग पुढे पसरला आणि ११ मे १९८१ रोजी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. दुखापत झाली होती हे खरे असले, तरी ती रोगाचे कारण असते असे नव्हे. अनेकदा दुखापतीमुळे आधीपासून असलेल्या विकाराकडे केवळ लक्ष वेधले जाते.

निदानाची साधने आता सुधारली आहेत. डर्मोस्कोप या प्रकाशयुक्त भिंगाखाली रक्ताचे जांभळट गोळे, निरुपद्रवी रेघेतील समान अंतराच्या समांतर रेषा आणि मेलॅनोमातील वेड्यावाकड्या, असमान जाडीच्या रेषा वेगळ्या ओळखता येतात. तथापि अंतिम निर्णय ऊतकतपासणीचाच. ती करताना तुकडा नखाच्या मुळातून, रेघेच्या उगमाशी घ्यावा लागतो. नखाचा पुढचा भाग कापून पाठवल्यास त्यात रंग सापडेल, परंतु रोगपेशी सापडणार नाहीत. मुळाला इजा झाल्यास नख कायमचे चिरलेले राहते, या भीतीने रुग्ण आणि काही वेळा वैद्यही मागे हटतात. मुळाचा केवळ वरचा पातळ थर तासून घेण्याच्या तंत्रामुळे ही भीती बरीच कमी झाली आहे. लहान मुलांत मात्र धोक्याची वाटणारी लक्षणे असूनही कर्करोग अत्यंत दुर्मीळ असतो, म्हणून तेथे बहुधा छायाचित्रे काढून लक्ष ठेवणेच पसंत केले जाते.

पेशी मुळाच्या वरच्या थरातच मर्यादित असताना निदान झाले, तर पूर्वीप्रमाणे बोट कापावे लागत नाही. नखाचा सर्व जिवंत भाग काढून त्वचारोपण केले जाते आणि बोट वाचते. रोग खोल गेल्यावर त्याची मिलिमीटरमध्ये मोजलेली जाडी पुढील आयुष्याचा अंदाज ठरवते. दाताच्या बाबतीत सहा महिने थांबून, छायाचित्र काढून, कडा पुन्हा तपासण्यात सहसा काहीच गमावले जात नाही. प्रौढाच्या एकाच नखावरील रुंदावत चाललेल्या रेघेच्या बाबतीत तेच सहा महिने बोट राहणार की जाणार, हे ठरवू शकतात.